कणगीच्या कोपऱ्यातला डबा

तलासरी, रविवार, २ डिसेंबर २०१८

बायजी,

आधी हे लिहून ठेवतो की कौल मी पाडलं नाही.

तू गंजाडला भावाकडे जाऊन आठ दिवस झाले. आठ दिवसांत मी बावीस वेळा फोन केला. दर वेळी झिपरू उचलतो आणि म्हणतो, "भावजी, बाय कामात हाय." मनगटाला प्लास्टर घातलेली बाई कसल्या कामात असते? शेवटी प्राजक्ताला नाशिकला फोन लावला. ती म्हणाली, "बाबा, तू फोनवर आईला बोलूच देत नाहीस. पत्र लिही. म्हणजे नको झालं की तिला घडी घालून ठेवता येईल." नर्सिंग शिकायला पाठवली तर पोरगी बापालाच सुया टोचायला लागली. पण म्हणते तर लिहितो. झिपरूचा टेम्पो तलासरीच्या बाजाराला येतो, त्याच्याच हाती देतो.

तर कौल. कौल भूकंपानं पडलं. आता पेपरातही आलंय, तलाठी घरं बघून गेला, तहसीलदारांची गाडी पाड्यावर येऊन गेली. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांत हलतंय. मी एकट्यानं दोन तालुके हलवले असं तुझं म्हणणं नसेल अशी आशा आहे. नवशीचं मात्र तेच म्हणणं आहे. शेजारीण ना ती, कालच पाण्याच्या टाकीपाशी सगळ्यांना ऐकवत होती, "कणसरी जागची हालवली, धरतरी हाललीच." धान्याच्या देवीची कणगी सरकवून तिथे ठेवलेल्या दहा इंची सबवूफरवर एवढं मोठं खापर कुणी फोडलं नसेल.

तू म्हणत होतीस भुई हालते, मी म्हणत होतो सबवूफर आहे. ती माझी चूक झाली, मान्य. पण कुणाचीही झाली असती. सबवूफर चालू असला की मांडणीवरची भांडी वाजतातच. फळीवरचा तुझा बॉबिनचा डबा तर आधीपासूनच वाजायचा. भूकंप काय पाटी लावून येतो? मी तीस वर्षं वायरमन आहे, जमिनीखालचा डॉक्टर नाही.

आणि एवढ्यावरून शिलाई मशीन घेऊन जायचं? कपडे नेले असतेस तर समजलो असतो, चार दिवसांसाठी गेली. पण मशीन स्टँडसकट झिपरूच्या बरोबरीनं टेम्पोत चढवलंस, एका हातानं. तेव्हा मी ओट्यावर उभा होतो आणि तू म्हणालीस, "वाट सोड." बारा वर्षं ज्या भिंतीशी मशीन होतं तिथे आता चार पायांचे चार खड्डे आहेत आणि मला येता-जाता ते दिसतात.

मशीनचा पट्टा विसरली आहेस. सोबत पाठवतो.

सुदाम

तलासरी, रविवार, २३ डिसेंबर २०१८

बायजी,

पट्टा मिळाला म्हणून झिपरू म्हणाला. तू काही म्हणाली नाहीस म्हणून पण म्हणाला.

इथे सगळं बिघडलेलं आहे. एकेक सांगतो. सांगायला दुसरं कुणी नाही, आणि तू मागे ओरडायचीस ते आता पत्रात ओरडता येत नाही, तेव्हा ऐक.

तुला ठाऊक आहे, मला फार काही नको होतं. २०१४ साली वापीच्या जुन्या बाजारातून अॅम्प्लिफायर आणि दोन छोटे स्पीकर आणले, तेव्हापासून एकच हौस: तबला ऐकताना डग्गा डग्ग्यासारखा ऐकू यावा. डावा-उजवा स्पीकर वरचं सगळं सुरेख देतात, बोट कुठे पडलं तेही कळतं. पण खालचा घुमारा त्यांच्या आवाक्यात नाही. लहान तोंडी मोठा घास. म्हणून यंदा दसऱ्याला सबवूफर आणला. स्पीकर जिथे थकतात तिथून खालचं ओझं त्यानं उचलायचं, एवढंच त्याचं काम. आणि नियम असा की तो वाजतोय हे कळताच कामा नये. बंद केला तरच कळावं की काहीतरी गेलं.

तर तो कळतो! दहा वेळा कळतो! भुंग्यासारखा कोपऱ्यात घों घों करतो. क्रॉसओव्हर, म्हणजे त्यानं ओझं कुठून उचलायचं ते बटण, ऐंशीवर ठेवला, साठवर ठेवला, शंभरवर ठेवला. फेजचं बटण इकडे केलं, तिकडे केलं. एका बाजूला डग्गा नाहीसाच होतो, दुसऱ्या बाजूला ट्रकच्या टायरसारखा येतो.

जागा चुकली असंही म्हणता येत नाही, कारण जागा मी शास्त्राप्रमाणे शोधली होती. भाऊबीजेच्या दिवशीचं आठवत असेल. सबवूफरचा डबा माझ्या खुर्चीवर ठेवला, चालू केला आणि मी भिंतीकडेनं गुडघ्यांवर रांगत फिरलो. जिथे कानाला आवाज सर्वांत भरीव, तिथे डब्याची जागा. तू दळण पाखडत होतीस आणि म्हणालीस, "लेकीचं लग्नाचं वय झालं, बाप रांगायला लागला." हसलो होतो आपण. मग मी रांगत रांगत कणगीच्या कोपऱ्यात जाऊन थांबलो आणि तुझं हसू गेलं.

कणगी रिकामीच होती. नवं भात अजून खळ्यावर होतं. रिकामी टोपली इथून उचलून ओट्यावर ठेवायची, यात काय मोठं? तू म्हणालीस, "कणसरीची जागा हाय ती. माझ्या सासूनं लिंपलेली. हालवू नको." मी हलवली. लेक नर्स होणार, आणि मी टोपलीला विचारून घर मांडू?

असो. एका डब्यानं जमत नसेल तर दोन घ्यावेत, दोन्ही एकमेकांच्या खोडी झाकतात, असं वापीवाल्यानं सांगितलं. "सुदामभाई, बे मूको, पछी जुओ." दुसरा आणला. एसटीनं तलासरी नाक्यापर्यंत, तिथून पाड्यापर्यंत रिक्षानं मांडीवर घेऊन. आणि तो ठेवायला एकच भिंत मोकळी होती.

हो, तिथेच ठेवला. मशीनच्या जागी. चार खड्डे झाकले गेले तेवढंच बरं. भिंतीवर खाली तुझ्या खडूच्या रेघा आहेत, कुणाकुणाच्या ब्लाऊजची मापं असतील. पुसली नाहीत, तू म्हणशील माझी गिऱ्हाइकं तोडली.

दोन डबे झाले आणि आता दोन भुंगे आहेत.

सुदाम

तलासरी, मंगळवार, १५ जानेवारी २०१९

बायजी,

संक्रांतीचे तीळगूळ झिपरूकडे दिले आहेत. गोड बोलायची सक्ती नाही.

रोज हलतंय. कधी दिवसातून दोनदा, कधी चार दिवस काही नाही आणि मग भाकरी तव्यावर असताना ढुम्म. आधी जमिनीखालून आवाज येतो, मग थरथर. आता मला फरक कळतो. अर्धा पाडा अंगणात ताडपत्रीखाली राहतो. शाळेची पोरं झाडाखाली बसतात. मोजणी करणारी माणसं यंत्र घेऊन आली होती, त्यांच्यातल्या एकाला मी विचारलं, "साहेब, हा आवाज साधारण किती हर्ट्झचा असेल?" तो माझ्याकडे बघतच राहिला. नवशी मागून ओरडली, "त्यालाच इचारा, त्याच्या घरात दोन हायेत!" सगळे हसले. साहेबही हसले. मी काय करणार, मीही दात दाखवले आणि घरी येऊन मांडणीला लाथ मारली. अंगठा सुजलाय.

परवा पाड्यातली चार म्हातारी माणसं आली. धोंडी पुढे होता. म्हणाला, "सुदाम, तुला कुणी दोष देत नाय. पण कणसरी जागेवर ठेव. कुणाचं काय जातंय?" मी म्हटलं, माझं जातंय. उद्या भूकंप थांबला तर तुम्ही म्हणाल टोपलीनं थांबवला. नाही थांबला तर म्हणाल उशीर केला. दोन्हीकडून मीच मूर्ख. धोंडी तंबाखू मळत बसला. त्याच्या घराची मागची भिंत पूर्ण फाटली आहे, हात आत जातो. मग मला माझंच बोलणं ऐकवेना.

ठेवली. फक्त या पत्रात लिहितोय, चारचौघांत बोलू नकोस. ओट्यावर कणगी नव्या भातानं भरून झाली होती, ते पाटी-पाटीनं उपसलं, डबा बाजूला ओढला, कणगी तिच्या कोपऱ्यात बसवली आणि परत भरली. सबंध दिवस गेला. कंबर धरली.

आता चिडायची गोष्ट ऐक. संध्याकाळी तबला लावला आणि घों घों अर्ध्यानं कमी. भाताची एवढी मोठी रास कोपऱ्यात बसली की घुमारा पिऊन टाकते. तीन महिने मी बटणं पिरगाळत होतो आणि औषध मीच ओट्यावर काढून ठेवलं होतं. तुझी सासू लिंपून गेली ते बरोबरच जागी. हे नवशीला कळलं तर मला पाडा सोडावा लागेल.

भूकंप थांबलेला नाही, हेही सांगून ठेवतो.

मनगट कसं आहे? प्लास्टर निघालं असेल. सुई धरता येते का? एवढं तरी झिपरूकडून कळव.

सुदाम

तलासरी, शनिवार, २ फेब्रुवारी २०१९

बायजी,

तू बरी आहेस असं झिपरूनं फोनवर सांगितलं. गंजाडलाही जाणवलं म्हणाला, पण घर ठीक आहे. तेवढं ऐकून फोन ठेवला.

काल दुपारचा आतापर्यंतचा सर्वांत मोठा होता. मी जेवून आडवा झालो होतो. आवाज आला आणि सगळं घर एकदम सुपात पाखडल्यासारखं. कौलं धडाधड. मी दाराकडे पळालो, अर्ध्यात थांबलो, वळलो आणि मशीनच्या भिंतीकडे बघून ओरडलो, "बायजी, ऊठ! बाहेर ये!"

तिथे सबवूफर होता. माझ्यासमोर तो आडवा पडला.

बाहेर आल्यावर नवशीनं पाणी दिलं. तिनंही ऐकलं होतं मी काय ओरडलो ते.

अंगणात सरकारी तंबू ठोकलाय. त्यात बसून लिहितोय. कौलं सत्तावीस गेली. कणगी जागची हलली नाही.

जे तेव्हा ओरडायचं होतं ते काल ओरडलो. फार राग येतो मला. कुणाचा ते कळत नाही असं लिहिणार होतो, पण कळतं.

सुदाम

तलासरी, रविवार, १० फेब्रुवारी २०१९

बायजी,

आज घर आवरायला आत गेलो. आडवा पडलेला डबा उचलून बाहेर काढला आणि त्याच्यामागचा कौलांचा चुरा झाडत होतो. तुझ्या खडूच्या रेघा समोर आल्या. मांडी घालून बसलो होतो, म्हणून डोळ्यांच्या पातळीवर आल्या. तू मशीनवर बसायचीस तेव्हा तुझाही हात तिथेच पोचत असणार.

ती ब्लाऊजची मापं नाहीत.

"११.११ सांज, बंद." "१३.११ सकाळ, बंद." "१४.११ दुपार, चालू." अशा सतरा रेघा. प्रत्येक हादऱ्याला एक, आणि पुढे माझा डबा तेव्हा चालू होता की बंद. चालू असतानाच्या चार रेघांवर तू काट मारली आहेस. म्हणजे त्या धरल्या नाहीस. शंका होती तिथे माझ्या डब्याला सोडून दिलंस. उरल्या तेरा. तेराही बंद.

मी तीन महिने बटणं फिरवली, बायजी, पण एकदाही कागदावर लिहून ठेवलं नाही की कशानं काय झालं. तू एका खडूनं केलंस ते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही. पहिल्या पत्रात लिहिलं ना, चूक झाली, कुणाचीही झाली असती? ती चूक नव्हती. अकरा नोव्हेंबरला सांजेला तू म्हणालीस, "भुई हालते रे." मी वायर जोडायला डबा उघडून बसलो होतो. प्लग माझ्या पायाशी पडलेला होता. मलाही जाणवलं. बुडाखाली स्पष्ट जाणवलं. आणि मी म्हटलं, "सबवूफर आहे."

का म्हटलं ते सांगतो. दोनच दिवसांपूर्वी तू कणगी हलवू नको म्हणाली होतीस. भुई हलली असं कबूल केलं असतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. कणगी परत ठेवावी लागली असती. एवढंच. एवढ्यासाठी तुला वेड्यात काढलं. दुसऱ्या वेळी मागे फिरता आलं असतं, पण पहिलं खोटं सांभाळायला दुसरं लागलं. मग पंधरा दिवस तेच. तू प्रत्येक वेळी डब्याकडे बघायचीस, मला वाटायचं रागानं बघते. तू डब्यावरचा लाल दिवा बघत होतीस, चालू आहे की बंद.

शेवटची रेघ. "२४.११ सकाळ, बंद." आणि पुढे एकच शब्द, "हात."

दवाखान्यातून प्लास्टर घालून आलीस आणि त्याच दिवशी उजव्या हातानं लिहिलंस ना ते?

त्या सकाळी नवशी दारात उभी होती, झंपर शिवायला घेऊन. हादरा आला. तू मशीनवरून उठलीस, पुरती उठली होतीस. मी नवशीला ऐकू जाईल असं ओरडलो, "काही हलत नाही, डबा वाजतोय, बस खाली." आणि तू बसलीस.

मला आजवर वाटत होतं तू माझ्यावर विश्वास ठेवून बसलीस. ते सोसलं असतं. पण दिवा बंद होता हे तू बघितलं होतंस. तुला सगळं ठाऊक होतं. शेजारणीसमोर नवऱ्याचं तोंड पडू नये म्हणून बसलीस. मग कौल आलं.

माफ कर असं लिहायचं होतं. पेन तिथे येऊन तीनदा थांबलं. माफी मागितली की तू "असू दे" म्हणशील आणि मला सुटल्यासारखं वाटेल. सुटायचं नाही. तू म्हणालीस ते खरं होतं, तेराच्या तेरा वेळा, आणि ते मला तेव्हाच माहीत होतं. हे नवशीलाही आज सांगितलं, तिच्या दारात जाऊन. ती म्हणाली, "मना म्हाईत व्हतं." म्हणजे तोंड पडायचं ते तेव्हाच पडलं होतं. तुझा हात फुकट गेला.

सुदाम

तलासरी, रविवार, ३१ मार्च २०१९

बायजी,

सात आठवडे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते लिहून झालं होतं.

काल झिपरू बाजाराला आला होता. टेम्पोतून उतरला नाही, इंजिन चालू ठेवून म्हणाला, "भावजी, बायनं इचारलंय, मशीनची जागा मोकळी हाय का?"

मी हो म्हटलं. तो म्हणाला, "बरं," आणि गेला. मी रस्त्यात उभा. मागून एक रिक्षा हॉर्न वाजवत होती ते बराच वेळ कळलं नाही.

जागा मोकळी आहे. दुसरा डबा वापीवाल्याला परत दिला. पहिला आहे, खिडकीखाली, कणगीपासून दूर. डग्गा अजून मनासारखा बसत नाही, पण बसेल किंवा नाही बसणार. चार खड्डे तसेच आहेत. रेघा पुसलेल्या नाहीत. तुझा खडूचा एक तुकडा फटीत सापडला होता, त्यानं मी तुझ्या रेघांखाली माझ्या रेघा मारायला लागलो आहे. माझ्या जरा तिरक्या येतात.

कौलं नवीन घातली, पण त्यांच्यावर भरवसा ठेवू नकोस. तंबू अंगणात आहेच. मशीन आत ठेवायचं की तंबूत, ते तू बघून ठरव. इथे यावं की गंजाडलाच राहावं, तेही.

भूकंप थांबला म्हणून कुणी तुला सांगितलं असेल तर ते खरं नाही. पूर्वीपेक्षा कमी आहे, पण हलतंय. काल दोन आले, आज सकाळी एक. तिन्ही वेळा डबा बंद होता.

सुदाम